मध्यावर काय ठेवायचं?

कुठल्याही यंत्रभागाचं ड्रॉइंग करताना कागदावर सगळ्यात आधी येते ती सेंटरलाइन. एक लांब रेघ, एक आखूड, पुन्हा एक लांब. आडवी एक, उभी एक. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कंपासचं टोक टेकतं आणि मग बाकीचं सगळं त्या बिंदूवरून मोजलं जातं. आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात ट्रेसर म्हणून लागले आणि नोकरीचा मोठा काळ ड्रॉइंग ऑफिसात उभ्या टेबलापाशी गेला. फ्लँज, पुल्या, गिअरची चाकं. फ्लँजच्या चित्रात एका वर्तुळावर सारख्या अंतरानं बोल्टची भोकं येतात. त्या वर्तुळाला आम्ही पीसीडी म्हणायचो. सहा भोकं, आठ भोकं, कधी बारा. ट्रेसिंग पेपरवर रोटरिंगच्या पेनानं ती काढून झाली की साहेबांकडे सहीला जाण्याआधी मी तो कागद जरा लांब धरून बघायची. छान दिसायचा. पण 'छान दिसतो' हे काही ड्रॉइंग ऑफिसात बोलायचं वाक्य नव्हतं.

पुढे ऑटोकॅड आलं, टेबलं गेली, मिनी ड्राफ्टर माळ्यावर गेला. निवृत्त झाल्यावर मी तो खाली काढला आणि मंडलं रंगवायला लागले. आता ती माझी रोजची गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी मनापासून काही सांगावं असं वाटतं, कारण हा छंद सध्या फार दिसतो आणि त्यातला गाभा मात्र पुष्कळदा वगळला जातो.

'मंडला आर्ट' या नावानं हे सगळीकडे पोचलं आहे. स्टेशनरीच्या दुकानात छापील नक्ष्यांची पुस्तकं मिळतात, स्टेन्सिल मिळतात, एमडीएफच्या तयार गोल पाट्या मिळतात, ठिपके द्यायच्या काड्यांचा संच मिळतो. सुट्टीत वर्ग भरतात. हात वळण्यासाठी हे सगळं चांगलंच आहे. पण छापील नक्षीत मधला बिंदू दुसऱ्या कुणीतरी ठरवलेला असतो. आपण फक्त भरतो. स्वतःचं मंडल वेगळं असतं ते एवढ्याच कारणानं, की कंपास टेकवण्याआधी स्वतःला विचारावं लागतं: मध्यावर काय ठेवायचं? आणि मग त्याच्याभोवती कोण, किती अंतरावर, आणि शेवटची सीमा कुठे? पाकळ्या, वेलबुट्टी, ठिपके हे सगळं त्यानंतरचं.

हा प्रश्न कागदावर रोज सोडवत बसलेला एक माणूस म्हणजे स्वित्झर्लंडचा मनोवैज्ञानिक कार्ल गुस्ताव युंग. जन्म १८७५, मृत्यू १९६१. १९१३ च्या सुमारास त्याचं सिग्मंड फ्रॉइडशी असलेलं नातं तुटलं आणि पुढची काही वर्षं त्याच्या मनाच्या मोठ्या उलथापालथीत गेली. या काळात आपल्याला जे दिसतं, जी स्वप्नं पडतात ती तो लिहू लागला, रंगवू लागला. १९१६ मध्ये त्यानं पहिलं मंडल रंगवलं. ते काय आहे हे त्याला त्या वेळी कळलं नव्हतं. मग १९१७ चा उन्हाळा आला. पहिलं महायुद्ध चालू होतं. युंग स्विस लष्करात डॉक्टर होता आणि शातो-दे या डोंगराळ गावी स्थानबद्ध ब्रिटिश सैनिकांच्या छावणीवर त्याची नेमणूक होती. तिथे तो रोज सकाळी वहीत पेन्सिलीनं एक छोटं वर्तुळाकार चित्र काढायचा. रोज एक. त्याच्या लक्षात आलं, की चित्र रोज बदलतं आणि जे बदलतं ते आपल्याच मनाच्या स्थितीप्रमाणे बदलतं.

यातली एक हकिकत मला फार आवडते. त्याच्या ओळखीच्या एका बाईंचं पत्र आलं. तुम्ही करता ती कलाच आहे, असा त्यांचा आग्रह होता. युंगला ते अजिबात पटेना. तो चिडला, शिवाय मनात कुठेतरी शंकाही शिरली. दुसऱ्या दिवशीचं मंडल काढलं तर त्याची कड एका बाजूनं फुटलेली! सममिती गेलेली. हे त्यानं म्हातारपणी आपल्या आठवणींमध्ये सांगून ठेवलं आहे. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की फुटलेली कड त्यानं खोडून सारखी केली नाही. ती त्या दिवसाची नोंद होती.

पुढे १९२८ मध्ये त्यानं मध्यभागी सोनेरी किल्ला असलेलं एक मंडल रंगवलं. झाल्यावर त्यालाच प्रश्न पडला, की हे इतकं चिनी वळणाचं का दिसतंय. थोड्याच दिवसांत रिचर्ड विल्हेल्म या चिनी विद्येच्या जर्मन अभ्यासकानं एका जुन्या ताओवादी ग्रंथाचं हस्तलिखित त्याला अभिप्रायासाठी पाठवलं. त्यात मध्यबिंदूभोवती फिरण्याचा, सोनेरी फुलाचा विचार होता. हे चित्र ज्या लाल कातडी बांधणीच्या मोठ्या वहीत आहे, तिच्यावर त्यानं १९३० च्या आसपास काम थांबवलं. घरच्यांनी ती पुष्कळ वर्षं बाहेर येऊ दिली नाही, नंतर ती बँकेच्या तिजोरीतही होती. २००९ साली सोनू शामदासानी यांच्या संपादनाखाली ती 'रेड बुक' या नावानं छापली गेली. कुणाला पाहायला मिळाली तर पाहावी. रंगकाम इतकं चिकाटीचं आहे, की मनोवैज्ञानिक वगैरे बाजूला ठेवून आधी त्या हाताला नमस्कार करावासा वाटतो.

युंग आपल्याकडेही येऊन गेला होता. इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवासाठी त्याला आमंत्रण होतं, ते अधिवेशन जानेवारी १९३८ मध्ये कलकत्त्याला भरलं. त्याच प्रवासात दार्जिलिंगजवळच्या भूतिया बस्तीच्या मठात तो लिंगदाम गोमचेन नावाच्या लामांना भेटला आणि मंडलांविषयी त्यांच्याशी बोलला. लामांनी सांगितलं ते असं: मठाच्या भिंतीवर दिसतं ते बाहेरचं रूप आहे. खरं मंडल ध्यानात, मनात बांधायचं असतं, ते पूर्ण शिकलेला लामाच बांधू शकतो, आणि कुठलंही मंडल दुसऱ्यासारखं नसतं. मनाचा तोल ढळलेला असताना, किंवा जो विचार शास्त्रात लिहिलेला नाही तो शोधायचा असताना ते बांधतात.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण वर्गांमध्ये तो सर्रास पुसला जातो. तिबेटी बौद्धांचं मंडल ही हौसेची नक्षी नाही. ते देवतेचं निवासस्थान आहे, चार दिशांना चार दारं असलेला महाल, वरून पाहिलेला. म्हणजे आमच्या भाषेत प्लॅन. त्याची मापं, रंग, देवतांच्या जागा परंपरेनं ठरलेल्या असतात. कालचक्र मंडलात ७२२ देवता मानल्या जातात. वाळूचं मंडल करताना भिक्षू आधी खडूत माखलेला धागा ताणून फटकन सोडतात आणि मधल्या रेघा पाडतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला परमानंद झाला, कारण ती सेंटरलाइनच! मग चाकपूर नावाच्या धातूच्या निमुळत्या नळीतून, तिच्या खरबरीत अंगावर दुसरी सळी घासत, रंगीत वाळू दाण्यादाण्यानं सोडतात. अनेक दिवस चालतं ते काम. विधी संपला की सगळं झाडून गोळा करतात आणि वाळू वाहत्या पाण्यात सोडतात. कुणाच्या पूजेतल्या देवता आपण दिवाणखान्याच्या भिंतीसाठी उचलू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्याकडून घ्यायचं तर रेघ आखण्याची शिस्त घ्यावी, मध्याचा मान घ्यावा. आत ठेवायला आपल्यापाशी आपलं आहे की.

आणि आपल्याकडे ते खरोखरच आहे. वेरूळला बाराव्या लेण्यात, ज्याला तीन ताल म्हणतात, भिंतीवर चौरसात नऊ घरं कोरलेली आहेत. मधल्या घरात बुद्ध, भोवतीच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. साधारण सातव्या-आठव्या शतकातलं काम. कैलासाच्या गर्दीतून बाहेर पडून बहुतेक लोक तिथवर पोचतच नाहीत. तिथे वर्तुळ नाही, पाकळी नाही, तरी ते मंडलच आहे, कारण मधलं घर आणि भोवतीची घरं यांचा संबंध पक्का आहे. माझ्याबरोबर मंडलं काढणाऱ्यांत ज्यांना कंपास धरवत नाही त्यांना मी हे नऊ घरांचंच मंडल सुचवते. पट्टी असली की झालं.

आपल्या बायकांनी तर हे अंगणातच केलं. चैत्रांगणात गौर मखरात किंवा झोपाळ्यावर बसते आणि तिच्याभोवती चंद्र, सूर्य, शंख, चक्र, गोपद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग यांच्याबरोबरीनं फणी, करंडा, आरसा या घरातल्या वस्तूही येतात. माझ्या आईच्या चैत्रांगणात फणी जरा मोठीच असायची. डहाणू, तलासरी, जव्हार भागातल्या वारली घरांत लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहितात. सुवासिनी लिहितात, तांदळाच्या पिठानं. मध्ये पालघट देवी, आणि चौकाभोवती रान, पाखरं, माणसं, घरदार. सांगायचा मुद्दा असा, की मध्याभोवती आपलं जग मांडून ठेवणं हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. ते पुन्हा हातात घ्यायचं आहे, इतकंच.

चित्रकार सय्यद हैदर रझा यांची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात बालपण गेलेला हा मुलगा शाळेत फार चुळबुळ करायचा. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. पुढे नागपूरचं कलाविद्यालय, मग मुंबईचं सर ज. जी. स्कूल ऑफ आर्ट, आणि १९५० पासून पॅरिस. तिथे निसर्गचित्रं रंगवून नाव झाल्यावर, सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या चित्रांत तो काळा बिंदू आला आणि २०१६ साली ते गेले तोवर मुक्कामाला राहिला. शाळेतला ठिपका इतक्या वर्षांनी उगवला. म्हणून मी म्हणते, पहिल्या दिवशी मध्यावर काय ठेवायचं हे सुचलं नाही तर नुसता ठिपका द्यावा. तो पुरतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर हा छंद खरा माझा झाला सासूबाईंच्या आजारपणात. पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर त्या अंथरुणावरून उठल्या नाहीत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डावी, मग उजवी, मग पुन्हा डावी. रात्रीसुद्धा. चोवीस तासांत बारा वेळा. वर औषधांच्या वेळा वेगळ्या. एकदा दुपारी त्या झोपल्या असताना मी वर्तुळ काढलं, त्याचे बारा भाग केले आणि प्रत्येकात एक पान काढलं, एक डावीकडे वळलेलं, एक उजवीकडे. बाहेरच्या कड्यात ज्या घराला औषध येतं तिथे एक लाल ठिपका. सकाळची घरं हलक्या रंगाची, रात्रीची गडद निळी. त्यांना जाग आली तेव्हा कागद माझ्या मांडीवर होता.

"काय गं हे?"

"आई, तुमचा दिवस आहे. हे बघा, आता आपण इथे आहोत. चार वाजताची डावी कूस."

त्यांनी चष्मा मागून घेतला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "सगळं आहे की. पण ह्यात मी कुठाय?"

मध्य मी कोरा ठेवला होता. काय ठेवू, असं त्यांनाच विचारलं. माहेरच्या परसात प्राजक्त होता, पहाटे सडा पडायचा, फुलं वेचायला त्या आणि त्यांची धाकटी बहीण भांडायच्या, हे त्यांनी मला अनेकदा सांगितलं होतं. तेच पुन्हा सांगितलं. प्राजक्ताला पाच ते आठ पाकळ्या असतात. मी सहा घेतल्या, म्हणजे बाराशी जुळतात. देठाचा केशरी रंग फुलाच्या मधोमध दिसतो, तो त्यांनी जवळ घेऊन तपासला आणि अजून लालसर कर म्हणाल्या. केला. तो कागद त्यांच्या पलंगासमोर चिकटवला. रात्रपाळीला येणाऱ्या बाईसुद्धा त्यावर बघूनच कूस बदलायच्या.

आता करायचं कसं, ते सांगते, कारण साधनं थोडी आहेत पण नीट लागतात.

कंपास असा हवा की काढता काढता पाय फाकणार नाही. मधे स्क्रू असलेला, ज्याला बो कंपास म्हणतात, तो उत्तम. पण मुलांच्या कंपासपेटीतलाही चालतो, फक्त त्याचा स्क्रू घट्ट करून घ्यावा. पेन्सिल टू-एच. एचबीची रेघ रंगाखालून काळी दिसते. कागद जाड घ्या. जलरंगाचा ३०० ग्रॅमचा कागद असेल तर पाणी लागलं तरी तो वाकडा होत नाही. हातकागदही सुंदर, पण त्यावर बारीक रेघ फुटते, म्हणून तिथे नक्षी मोठी ठेवावी. कंपासचं टोक एकाच जागी पुन्हा पुन्हा टेकवून भोक मोठं होतं आणि वर्तुळं एकमेकांत सरकतात. त्यावर आमच्या ऑफिसातला उपाय: मध्यावर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावायचा, त्यावर मध्याची पुन्हा खूण करायची आणि टोक तिथे टेकवायचं. शेवटी पट्टी हलकेच काढून टाकायची.

भाग पाडणं हा माझा लाडका विषय आहे. वर्तुळ काढल्यावर कंपासचा कोन न बदलता त्याच मापानं परिघावर खुणा करत गेलात तर बरोबर सहा बसतात, सातवी पहिलीवर येते. त्याचे अर्धे केले की बारा. आडव्या-उभ्या रेघांनी चार, त्यांचे अर्धे केले की आठ. पाच हवे असतील तर कोनमापकानं ७२ अंश मोजा. जास्वंद, तगर या पाच पाकळ्यांच्या फुलांना हे लागतं, आणि तगरीची पाकळी एका अंगाला वळलेली असते, त्यामुळे पाच वळणांचं मंडल जागच्या जागी फिरतंय असं वाटतं.

सात मात्र अवघड. नुसत्या कंपास-पट्टीनं वर्तुळाचे अचूक सात भाग होतच नाहीत. गणितानं हे सिद्ध झालेलं आहे. त्याच कंपास-पट्टीनं सतरा मात्र होतात, हे गाउस या जर्मन गणितज्ञानं १७९६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, दाखवलं. मला हे दर वेळी नवलाचं वाटतं. सात तर नाही आणि सतरा? पण आठवड्याचं मंडल काढायचं तर सात लागणारच. त्यासाठी ड्रॉइंगवाल्यांची एक युक्ती आहे. वर्तुळात बसणारा समभुज त्रिकोण काढायचा आणि त्याच्या एका बाजूचं अर्धं माप कंपासमध्ये घेऊन परिघावर फिरवायचं. सात जवळजवळ बसतात. दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात शेवटी दीड मिलिमीटरच्या आतली फट राहते. ती सात घरांत वाटून टाकली की डोळ्याला कळतही नाही.

रंगांबाबत माझा आग्रह एकच, सुरुवातीला तीन रंग आणि पांढरा. त्यांच्याच मिश्रणातून बाकीचे काढा. डबीतले चोवीसच्या चोवीस रंग वापरले, की नजर कुठेच थांबत नाही आणि मध्य हरवतो. एका कड्यात रंग गडद असेल तर शेजारचं कडं फिकं ठेवावं. ठिपक्यांचं काम करायचं असेल तर अॅक्रिलिक घ्यावा आणि त्यात थेंब-थेंब पाणी घालत धिरड्याच्या पिठाइतका पातळ करावा. फार घट्ट असला तर ठिपक्याला शेपूट येतं, फार पातळ असला तर तो पसरतो. विणायच्या सुईचं मागचं टोक, संपलेली रिफिल, आगकाडी, यांनी वेगवेगळ्या मापाचे ठिपके मिळतात. सारखे ठिपके हवेत तर दर वेळी टोक रंगात बुडवा. न बुडवता पुढे गेलात तर ठिपके आपोआप लहान लहान होत जातात, आणि पाकळीच्या कडेनं असे उतरत्या मापाचे ठिपके फार शोभतात. हातानं रंग पुसला जाऊ नये म्हणून कागद फिरवायचा, आपण नाही. मी केक सजवायच्या फिरत्या स्टँडवर पाटी ठेवते.

मन शांत होतं का, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझं होतं. पण याबाबत हवेत बोलू नये. अमेरिकेत नॅन्सी करी आणि टिम कॅसर या दोघांनी २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ८४ विद्यार्थ्यांना आधी भीती वाटेल असा स्वतःचा एक प्रसंग लिहायला लावून अस्वस्थ केलं. मग काहींना छापील मंडल रंगवायला दिलं, काहींना चौकटींची नक्षी, काहींना कोरा कागद. मंडलवाल्यांची आणि चौकटीवाल्यांची अस्वस्थता सारखीच उतरली, कोऱ्या कागदवाल्यांची तशी उतरली नाही. म्हणजे गोलात काही जादू आहे असं यातून निघत नाही. आखलेल्या, थोड्या गुंतागुंतीच्या कामात मन गुंतलं की ते स्थिरावतं, एवढं दिसतं. ड्रॉइंग ऑफिसात मला हेच रोज मिळत होतं. त्यामुळे खरंच नैराश्य असेल, झोप उडाली असेल, तर डॉक्टरांकडे जावं, मंडल त्याच्या जोडीला ठेवावं.

आणि ते रंगांचे अर्थ सांगणारे तक्ते! लाल म्हणजे राग, काळा म्हणजे दुःख. माझ्या प्राजक्ताच्या मंडलात लाल ठिपके म्हणजे रक्तदाबाची गोळी होती. चित्राचा अर्थ काढायला बसू नये असं माझं म्हणणं नाही, पण तो ज्यानं काढलं त्यानं, सावकाश, स्वतः काढावा. म्हणून मागच्या बाजूला तारीख घालायची सवय लावून घ्या. दोन ओळी लिहिल्यात तर आणखी चांगलं. युंगला आपली रोजची चित्रं ओळीनं लावून बघता आली ती तारखांमुळेच.

रोज नवं चित्र जमत नसेल त्यांच्यासाठी महिन्याचं मंडल आहे, आणि मी सगळ्यात जास्त तेच सुचवते. वर्तुळाचे ३६० अंश, महिन्याचे तीस दिवस, एका दिवसाला बारा अंश. कोनमापकानं एकदा आखून ठेवलं की रोज रात्री एक घर भरायचं. काय भरायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पावसाळ्यात मी दिवसभराच्या पावसावरून निळ्याच्या छटा भरते, कोरडा दिवस असेल तर मातकट. एकतीस दिवसांच्या महिन्यात शेवटचा दिवस मी मध्यावर भरते. महिनाभर मध्य रिकामा असतो आणि एकतिसाव्या रात्री तो भरतो, त्यामुळे जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर यांची मला वेगळीच ओढ असते. फेब्रुवारीत दोन घरं पांढरी राहतात. ती तशीच ठेवावीत.

दर शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही काही जण जमतो. एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका आहेत. त्यांनी आपल्या जुन्या मुक्कामी गाडीचं मंडल केलं. बाहेरच्या कड्यात थांबे, आतल्या कड्यात घाटाची वळणं. मध्यावर स्टिअरिंग येणार असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी जेवणाचा चार पुडांचा डबा काढला, वरून दिसतो तसा, झाकणावरच्या नावासकट. नाव काकूंचं. "मुक्कामाला पोचल्यावर हाच उघडायचो," एवढंच म्हणाले. एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्यांना अजून सीमा काढवत नाही. कडं पुरं होत आलं की हात थांबतो. आम्ही कुणी त्यांना पुरं करा म्हणत नाही.

मध्यंतरी एक मुलगी यायला लागली. लातूरची आहे, इथे वसतिगृहात राहून शिकते. पहिल्याच शनिवारी तिनं मला विचारलं, "मावशी, केंद्र कागदाच्या आतच असायला हवं का?"

मी क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिले, कारण ड्रॉइंगमध्ये हे नेहमी होतं. मोठ्या कमानीचा तुकडा काढायचा असेल तर त्याचं केंद्र टेबलाच्या कडेला, कधी टेबलाबाहेर जातं आणि बीम कंपास लावावा लागतो. पण मंडलात हे कुणी मागितलं नव्हतं. तिला मध्यावर लातूरचं घर हवं होतं आणि ते या कागदावर नसावं असंही हवं होतं. आम्ही तिच्या कागदाला उजवीकडून आणखी दोन कागद जोडले, तिसऱ्यावर टाचणी टोचली, न ताणणारा जाड दोरा बांधला आणि दुसऱ्या टोकाला पेन्सिल. मी टाचणी दाबून धरली, काकांनी कागद धरले, तिनं कमानी ओढल्या. दोरा प्रत्येक कड्याला बोटभर कमी करत गेलो. तिच्या कागदावर आता नुसत्या कमानीच आहेत, आतल्या जास्त वाकलेल्या, बाहेरच्या पसरट. सगळ्यात बाहेरच्या कमानीवर वसतिगृहाची खोली येणार हे ठरलं आहे. रंगांचं अजून ठरत नाहीये. काका गेरू म्हणतात, ती हिरव्यावर अडून बसली आहे.